निरगुडीचा आडोसा

१

उद्धवराव रातपाळी उरकून घरी यायचे तेव्हा तव्यावर पहिली भाकरी फुगलेली असायची. ते हातपाय धुवायचे, भाकरी-कालवण खायचे आणि खाटेवर आडवे व्हायचे. इथवर सगळं ठीक. त्यानंतर पिंपरी जागी व्हायची.

परसामागून मालगाडी धडधडत जायची. ती जरा कुठं लांब जाते तोच पलीकडच्या खाणीवर खडी फोडायचं यंत्र सुरू व्हायचं. पुढच्या अंगाला मुंबई-पुण्याचा रस्ता. ट्रकवाले असे भोंगे वाजवत जायचे, जणू वरात चाललीय. त्यात परसाला लागूनच गावात जायची पायवाट. जो तो जाता जाता खिडकीतून डोकावणार आणि विचारणार, "काय उद्धवराव, झोपलात का?" आता झोपलेल्या माणसानं यावर काय उत्तर द्यायचं, सांगा!

ही मंडळी बीडकडची. औषधाचा नवा कारखाना उभा राहिला आणि मेव्हण्याच्या ओळखीनं उद्धवराव तिथं चिकटले. पण अजून कायम झाले नव्हते. बायकोचं नाव कौशल्या. हे इथंच सांगून ठेवतो, कारण पुढं ते कुणी घेणार नाही. नवरा 'अगं' म्हणायचा, गाव 'बीडवाली' म्हणायचं, आणि लेकरू झालं नव्हतं, त्यामुळं 'अमक्याची आई' म्हणायचीही सोय नव्हती.

त्या आठवड्यात उद्धवराव फाटकी बाही घेऊन घरी आले. यंत्रापाशी उभ्याउभ्या डोळा लागला आणि बाही पट्ट्यात गेली. कापड जुनं होतं म्हणून फाटलं. नवं असतं तर हात गेला असता.

"मुकादम काय म्हनले?" कौशल्यानं विचारलं.

"म्हनले, पुन्हा डुलकी लागली तर उद्यापासून येऊ नका. आन बरोबरच हाय त्यांचं."

एवढं बोलून ते भिंतीकडं तोंड करून पडले. मागं गाडी सुरू झाली. कौशल्या बाही शिवायला बसली, पण सुईत दोरा काही केल्या जाईना. हात गेला असता, हेच डोक्यात घोळत होतं. तिनं तिथंच ठरवलं, की काहीही होवो, या माणसाला झोप मिळवून द्यायची.

२

परसाला झाडांचा आडोसा करायचा, म्हणजे आवाजही अडेल आणि डोकावणारी तोंडंही. कल्पना चांगली होती. पण झाड कुठलं? आपल्याकडं सल्ला मागायची खोटी, की गाव गोळा होतं.

उद्धवरावांचं मन निलगिरीवर. कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यावर त्यांनी ती पाहिली होती. कौशल्या म्हणाली, "ती खालून समदी उघडी. डोक्यावर टोपी आन अंगात सदरा न्हाई." सुरूची झाडं कुणी सुचवली, तर ती वाऱ्यात सारखे सुस्कारे टाकतात. बांबू करकरतो. शेवगा दारात नको, आणि वाऱ्यानं मोडतोही. विलायती चिंच दाट खरी, पण तिच्या वाकड्या शेंगांसाठी पोरं दगड मारणार. म्हणजे आगीतून फुफाट्यात!

ती परसात बसून विचार करायची. पान खालपासून वरपर्यंत हवं, बाराही महिने हवं, शेळीनं तोंड लावता कामा नये, आणि वाढ झटपट हवी. नोकरी काही झाडाच्या सवडीनं थांबणार नव्हती.

तोड काढली गोजाबाईनं. गोजाबाई म्हणजे गावातली जुनी, शेतकरी घरातली म्हातारी. तिचं शेत कारखान्याच्या आवारात गेलं होतं, पण बांधावरची निरगुडी तिनं आणून घरामागं लावली होती.

"निरगुडी लाव की गं, बीडवाले," ती म्हणाली. "काडी रोवली की फुटती. शेळी हुंगून माघारी जाती. आन पाला उशाखाली ठिवला तर अशी झोप लागती म्हनतीस! माझा म्हातारा त्याच्यावरच झोपायचा."

तिनं कोयत्यानं काड्या तोडून दिल्या. बुडाला तिरका काप, डोळे वरच्या बाजूला. कौशल्यानं त्या ओल्या फडक्यात बांधल्या. निघताना गोजाबाई म्हणाली, "आन हे बघ, रोवताना घरातल्या मान्सांची नावं सांगायची बरं का. समद्यांची. आमच्यात तशी रीत हाय. कुपनाला आपलं कोन, परकं कोन, कळाया नको?"

कौशल्याला हसू आलं, पण रीत मोडायची तिची प्राज्ञा नव्हती. आषाढाची भुरभुर चालू होती. परसात वाकून तिनं काडी रोवली आणि थबकली. नवऱ्याचं नाव घ्यायचं तर कसं घ्यायचं? मग तिनं इकडंतिकडं बघितलं, पदर नीट केला आणि लग्नात घेतात तसा उखाणाच घेतला.

"हिरव्या निरगुडीला पाणी घालते वाकून, उद्धवरावांची झोप ठेव गं राखून."

आणि माती दाबली. प्रत्येक काडीला तोच उखाणा. शेवटाकडं तर ती गाण्यासारखाच म्हणत होती, लाजही राहिली नव्हती.

३

काड्या फुटल्या. नुसत्या फुटल्या नाहीत, तर चढाओढ लागल्यासारख्या वाढल्या. दसऱ्याला कमरेइतक्या होत्या, दिवाळीत डोक्याबरोबर आल्या. पानं वरून हिरवी, खालून रुपेरी. उन्हात सगळं परस त्या कडवट वासानं भरून जायचं आणि डोळ्यांवर सुखाची पेंग यायची.

पायवाटेनं जाणारी माणसं आता डोकावत नव्हती. दिसायचंच नाही काही, डोकावणार कशाला? उद्धवरावांची झोप लांबत गेली. गालफडं भरली. मुकादम एकदा म्हणाले, "काय राव, लग्नाची तब्येत झाली तुमची!" हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा कौशल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

एका दुपारी ती मोरीशी भांडी घासत होती. हंड्यातलं पाणी थरथरायला लागलं. पायाखालची जमीनही बारीक हलत होती. तिनं मान वर केली. निरगुडीच्या शेंड्यांवरून रुळांवरच्या विजेच्या तारा दिसायच्या. त्या तारांखालून काहीतरी लांबलचक, काळं सरकत होतं. मालगाडीच ती. डब्यामागून डबा जात होता, आणि आवाज कसलाही नव्हता.

कौशल्यानं कानात बोट घालून हलवलं. राखेचा हात भांड्यावर घासला, तेव्हा खरखर ऐकू आली. म्हणजे कान शाबूत होते. गाडी गेली, पाणी थांबलं.

'पाला दाट झालाय,' तिनं स्वतःची समजूत घातली. 'वाराही पलीकडचा असेल.' आणि यासाठीच तर लावलं होतं ना झाड? मागितलं ते मिळालं तर घाबरायचं कशाला? तिनं भांडी पालथी घातली. पण त्यानंतर ती तारांकडं सहसा बघायची नाही.

४

एक आवाज गेला, की त्याच्या मागं लपलेला दुसरा पुढं येतो. मागची गाडी बंद झाली तसे उद्धवरावांना पुढचे ट्रक बोचायला लागले. कौशल्यानं पुढंही काड्या लावल्या, ये-जा करायला जेमतेम फट ठेवून. मग डाव्या अंगाला शेजारणीचं कांडण ऐकू यायला लागलं. तिथंही लावल्या. मग उजवीकडचा कोंबडा. मेला भर दुपारी आरवायचा! तिकडंही लावल्या. उखाणा तोच.

होळीपर्यंत घर चारी बाजूंनी हिरवं झालं. आत आलेला उजेडही हिरवट आणि मऊ असायचा. कौशल्या वावरायची ती पाण्याखालून चालल्यासारखी. दिवस कधी उगवला आणि कधी मावळला, हे भाकरीवरूनच कळायचं. तिला ते आवडत नव्हतं असं नाही. गाढ झोपलेला नवरा, हलणारी सावली आणि तो वास. आयुष्यात इतकी निवांत ती कधी बसलीच नव्हती.

आता घरात आवाज उरला एकच. तिच्या बांगड्यांचा. पीठ मळताना त्या किणकिणल्या, की खाटेवर उद्धवरावांच्या कपाळाला आठी पडायची. कधी रागावले नाहीत हो ते! झोपेतच आठी पडायची, बस. पण तिला ती बघवायची नाही. बांगड्या काढायच्या तर सवाशिणीनं हात रिकामे कसे ठेवायचे? मग तिनं त्यांना चिंधी गुंडाळली.

एका सकाळी जात्याजवळच्या सारवलेल्या जमिनीतून निरगुडीचा कोंब वर आलेला दिसला. पदराला चिकटून काडी आली असेल, असं म्हणून तिनं उपटला. दुसरा मोरीपाशी निघाला, तिसरा चुलीमागं. तिनं तेही उपटले. उपटताना तिच्या लक्षात आलं, की कोंब खाटेजवळ कुठंच नव्हते. जिथं जिथं ती बसायची, दळायची, घासायची, तिथंच होते.

"अहो," ती त्या दिवशी म्हणाली, "घरात झाड उगवतंय बघा."

उद्धवराव जेवत होते. त्यांनी घास घेतला, चावला, दुसरा मोडला.

"अहो, मी काय म्हनते?"

मग ते दचकले. "आं? काही म्हनलीस का?"

यंत्रांच्या घरघरीनं माणसाचे कान जातात, हे तिनं ऐकलं होतं. तसंच असेल. तिनं जरा मोठ्यानं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "घर कसं गपगार वाटतंय आताशा. लई बरं वाटतं."

५

मिठासाठी ती वाण्याकडं निघाली, तेव्हा फटीतून बाहेर पडताच आवाज अंगावर कोसळले. ट्रक, कोंबडे, खडी, माणसं. ती मटकन खाली बसणार, तोच गोजाबाईनं धरलं.

"अगं बीडवाले, व्हतीस कुठं? मी दोनदा दारात ईऊन घसा फुटस्तवर हाका मारल्या. दोन्ही येळंला कोन बी न्हाई."

"घरातच होते की, मावशी. हालले न्हाई कुठं."

"दार उघडंच व्हतं. उद्धवराव दिसलं झोपल्यालं. तू न्हाई दिसलीस."

गोजाबाईनं तिच्याकडं नीट निरखून बघितलं. मग निरगुडीच्या त्या भिंतीकडं बघितलं आणि हळूच विचारलं, "नावं सांगितलीस न्हवं, रोवताना?"

"सांगितलं की. ह्यांचं. उखाणा घेऊन सांगितलं."

"आन तुजं?"

कौशल्या हसली. "माजं कशाला? घर माजं, झाड मीच लावलं. मी का परकी हाय?"

भाकऱ्या मोजताना बाई घरातल्या सगळ्यांच्या धरते आणि आपली विसरते, त्यातली गत. तिला यात काही चुकलं असं वाटलंच नव्हतं. पण गोजाबाई हसली नाही. तिनं कौशल्याचा हात घट्ट धरला. बांगड्यांवरची चिंधी तिच्या हाताला लागली, तशी म्हातारीनं पटकन मान वळवली.

"आजच्या आज उपट समदं," ती म्हणाली. "मुळासकट. आन ऐक, हितंच माज्याकडं ऱ्हा चार दिस."

"आता नाव सांगितलं तर?"

"मूळ धरायच्या आदी सांगायचं असतंय, बाई."

कौशल्या मीठ न घेताच परतली. कोपऱ्यातली कुदळ उचलून परसात गेली, पहिल्या झाडापाशी उभी राहिली. कुदळ वर उचलली. खिडकीतून उद्धवराव दिसत होते, हात उशाखाली घेऊन लहान पोरासारखे झोपलेले. त्याच हाताची बाही फाटली होती. झाडं गेली की गाडी येणार, खडी येणार, ट्रक येणार. आणि महिनाअखेर साहेब कायम करायच्या माणसांची निवड करणार होते.

तिनं कुदळ भिंतीला टेकवली. 'कायम होऊ देत एकदा,' ती म्हणाली. 'मग पहिलं काम हेच.' म्हातारी माणसं काहीबाही बोलतात. आणि खरं असलं, तरी नवरा कुठं पळून चालला होता? रोज तिच्याच हातची भाकरी खात होता.

पण जाता जाता तिनं खाली वाकून मातीला हात लावला, आणि कुणी ऐकणार नाही अशा आवाजात म्हणाली, "मी कौशल्या." आपलंच नाव तिला परक्या बाईचं वाटलं.

६

त्यानंतर उद्धवराव ताट दिसलं की जेवायचे, पाणी दिसलं की प्यायचे. ताट ठेवणारा हात मात्र त्यांना दिसतो की नाही, याची कौशल्याला खात्री देता येईना. ती समोर बसायची. ते तिच्या खांद्यावरून पलीकडं बघायचे, झोपाळू आणि समाधानी डोळ्यांनी. 'पेंगुळलेत,' ती म्हणायची. उशाखाली रोज ताजा पाला ठेवायला ते आता स्वतःच शिकले होते.

आतल्या खोलीच्या उंबऱ्यात एक कोंब आला होता. तो तिनं उपटला, आणि परत आला. पुन्हा उपटला, पुन्हा आला. मग तिनं नाद सोडला. ओलांडून जायला काय लागतं?

महिना संपला त्या सकाळी ती पहाटेपासून परसात होती. कुदळ हाताशी, पदर खोचलेला. बातमी ऐकायची आणि पहिला घाव घालायचा. बातमी वाईट असती, तरीही घालायचा. तिला आता गाडीचा आवाज हवा होता. कोंबडा हवा होता. 'झोपलात का' विचारणारी आगाऊ तोंडंही हवी होती. खरं सांगायचं तर ती घाबरली होती, आणि ते मान्य करायला तिला इतके दिवस लागले.

पुढच्या फटीतून उद्धवराव आले. हातात पेढ्यांचा पुडा. इतके खुशीत तिनं त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

"अगं! अगं ए! झालो की कायम!"

ती धावली. ते तिच्या अंगावरून वारा यावा इतक्या जवळून आत गेले. चुलीपाशी बघितलं. जात्यापाशी बघितलं. "अगं, कुठं गेलीस?"

"इथं हाय की! अहो, बघा की इकडं!"

ती पाठोपाठ आतल्या खोलीकडं गेली, आणि उंबऱ्याशी थांबली. पहाटे गुडघ्याएवढी असलेली निरगुडी चौकटभर झाली होती. तिनं पानं बाजूला सारली. त्यांच्यामागं पानंच होती. पुन्हा सारली. हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी पलीकडची हवा लागेना. कुठूनशी एक फट सापडली आणि तिच्यातून खोली दिसली. हिरवा उजेड, खाट, आणि तिचा नवरा.

त्यांनी पुडा सोडला, एक पेढा काढला आणि तिच्या पाटावर ठेवला. मग दुसरा काढला आणि तोही तिथंच ठेवला. खिडकीपर्यंत गेले, बाहेर बघून हाक मारली. ती हाक निरगुडीपलीकडं कुणाला ऐकू जाणार होती? ते परत आले. त्यांच्या चेहऱ्यावरची खुशी हळूहळू उतरत होती.

कौशल्यानं चिंध्या ओरबाडून काढल्या आणि हात हलवले. बांगड्या खणखणल्या. आणि मग लग्नानंतर पहिल्यांदा, उखाण्याविना, रावही न लावता, ती जीव खाऊन ओरडली.

"उद्धव!"

त्यांनी मान वर केली. ते उठले. सरळ उंबऱ्याशी आले आणि पानं बाजूला केली. तिच्या तोंडासमोर त्यांचं तोंड होतं. हनुवटीवर राहिलेले दाढीचे खुंट, डोळ्यातली लाल शीर, सगळं दिसत होतं. ते बराच वेळ बघत राहिले.

"वारा सुटला वाटतं," ते पुटपुटले. पान हलत नव्हतं एकही.

त्यांनी फांदी सोडली. जाऊन खाटेवर बसले, बाईमाणूस पाण्याला गेलं असेल, येईल आता, अशा समजुतीनं. दाराकडं डोळे लावून ते वाट बघत राहिले. त्यांना जागं राहायचं होतं. डोळे चोळले, मांडीला चिमटा घेतला, तेही तिला दिसलं. पण रातपाळीचा शीण होता आणि पाल्याचा वास दाटला होता. मान एकदा कलली. सावरली. पुन्हा कलली.

मग पाय आपसूक वर आले, हात उशाखाली गेला, आणि उद्धवरावांना गाढ झोप लागली.

फांद्यांआड कौशल्या उभी होती. रडताना ती पदरानं डोळे पुसत होती आणि बांगड्या किणकिणत होत्या. खाटेवर त्यांच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. ती दिसली तशी तिनं सवयीनं एका हातानं दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट दाबून धरल्या.